बार्शीची प्रार्थना आणि यशाची मोजपट्टी

(नवापूर येथे कार्यकर्ते आणि नागरिक कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नवापूरच्या रेल्वे स्थानकाची ख्याती देशभर आहे. फलाट एक, पण त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. १९६० साली दोन राज्ये वेगळी झाली आणि आधीपासून उभ्या असलेल्या स्थानकातून सीमारेषा गेली. बाकाच्या या टोकाला बसलेला प्रवासी एका राज्यात आणि त्या टोकाला बसलेला दुसऱ्या राज्यात. गाडी मात्र दोघांनाही घेऊन जाते. माणसाने आखलेल्या रेषेला व्यवहारात उपयोग असतो, पण त्या रेषेवरून माणसाची योग्यता ठरत नाही, हे नवापूरकरांना कोणी वेगळे शिकवायला नको.

क्रीडाक्षेत्रातही अशीच एक रेषा आखलेली आहे. टेनिसच्या जगात ती शंभराव्या क्रमांकावर आहे. जागतिक क्रमवारीत जी पहिल्या शंभरात आहे तिचे नाव वर्तमानपत्रात येते, ती विमानाने फिरते, तिला प्रायोजक मिळतात. दोनशेवी, तीनशेवी किंवा पाचशेवी जी आहे, ती कोणाच्या गावीही नसते. तीही तितकेच तास सराव करते, तितकाच घाम गाळते, देशाच्या ध्वजाखाली तितक्याच निष्ठेने उभी राहते. आजचे विवेचन या रेषेच्या अलीकडे राहिलेल्या खेळाडूंविषयी, आणि विशेषतः आपल्या महाराष्ट्राच्या एका लहान शहरातून निघालेल्या प्रार्थना ठोंबरे हिच्याविषयी आहे. तिच्या निमित्ताने एक प्रश्न सर्वांनी स्वतःला विचारावा असा आहे. जिचे नाव यादीच्या अग्रभागी कधीच येणार नाही, तिच्या पाठीशी समाजाने का उभे राहावे?

भगवंताच्या बार्शीतून

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव भगवंताच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. धान्याची मोठी बाजारपेठ, एके काळची बार्शी लाइट रेल्वे आणि एकादशीला दर्शनासाठी होणारी गर्दी ही त्या गावाची ओळख. टेनिस हा तिथल्या मातीतला खेळ नव्हे. पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथील क्लबांमधून वाढलेला हा खेळ. अशा गावात १८ जून १९९४ रोजी जन्मलेल्या मुलीने रॅकेट हाती धरावी आणि पुढे ऑलिंपिकच्या मैदानावर उतरावे, ही घटना सामान्य नाही.

लहान गावातील मुलीला टेनिस शिकवायचे म्हणजे काय, याचा हिशेब शहरातील कुटुंबांना चटकन कळत नाही. क्रिकेटला एक चेंडू आणि एक बॅट बारा मुलांना पुरते. टेनिसमध्ये प्रत्येकीची रॅकेट वेगळी, तिची तार वारंवार तुटते, चेंडू थोड्याच खेळात मऊ पडतात, बूट काही आठवड्यांत झिजतात. समोर तुल्यबळ प्रतिस्पर्धी नसेल तर सरावाला अर्थ राहत नाही आणि लहान गावात ती मिळत नाही. म्हणजे मोठ्या शहराकडे जाणे आले, आईवडिलांपैकी एकाने तिच्याबरोबर राहणे आले, घराची दोन घरे होणे आले. बार्शीची ही मुलगी हैदराबादला सानिया मिर्झा हिच्या अकादमीत सरावाला गेली, त्यामागे घराने केलेला असाच त्याग आहे.

२०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत वीस वर्षांची प्रार्थना सानियाच्या जोडीने महिला दुहेरीत खेळली आणि दोघींनी देशासाठी कांस्यपदक मिळवले. त्यानंतर दोन वर्षांनी रिओ ऑलिंपिक आले. त्या वेळी सानिया दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर होती. पण दुहेरी हा खेळच असा आहे की जगातली पहिली खेळाडूसुद्धा एकटी कोर्टवर उतरू शकत नाही. तिला आपल्याच देशाची दुसरी खेळाडू हवी असते. ती दुसरी खेळाडू बार्शीची प्रार्थना होती. क्रमवारीत दोघींमध्ये प्रचंड अंतर होते, कोर्टवर मात्र त्या एकाच बाजूला उभ्या होत्या.

६ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांची गाठ चीनच्या पेंग शुआई आणि झँग शुआई या जोडीशी पडली. पेंग ही दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर राहून आलेली खेळाडू. सामना एकतर्फी होईल असा अनेकांचा कयास होता. प्रत्यक्षात तो पावणेतीन तासांच्या आसपास चालला. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला आणि निसटला. दुसरा भारतीय जोडीने ७-५ असा खेचून आणला. तिसरा ७-५ असाच, पण चीनच्या बाजूने गेला. पहिल्याच फेरीत आव्हान संपले, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्याला ‘पराभव’ या एका शब्दाची जागा मिळाली. त्या पराभवाच्या आत बावीस वर्षांच्या एका मुलीने दाखवलेली जिद्द किती होती, हे मोजायला बातमीत जागा नसते.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ऑलिंपिक संपले, खेळाडू परतले, सत्कार झाले आणि प्रार्थना पुन्हा तिच्या नेहमीच्या जगात गेली. ते जग लहान गावांतल्या लहान स्पर्धांचे आहे. एका आठवड्यात एक देश, पुढच्या आठवड्यात दुसरा. प्रेक्षक मोजके, चेंडू उचलायला मुले असतीलच असे नाही. त्या जगात तिने दुहेरीची वीसहून अधिक विजेतेपदे मिळवली. यांतील एकाही विजेतेपदाची मिरवणूक निघाली नाही.

क्रमवारीचे अर्थशास्त्र

व्यावसायिक टेनिसची रचना समजून घेतली तर या खेळाडूंच्या तपश्चर्येची कल्पना येते. सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम स्पर्धा. त्यांच्या खाली महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धा. त्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांची मोठी उतरंड. या उतरंडीच्या तळाच्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम पंधरा हजार डॉलर असते. ऐकायला ती बरी वाटते, पण ती साऱ्या खेळाडूंत वाटली जाते. एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास येतात आणि त्यातूनही कर कापला जातो. दुहेरीची स्पर्धा जिंकणाऱ्या जोडीला दोघींत मिळून हजार डॉलरच्या आसपास रक्कम मिळते. विमानाचे भाडे, राहणे, जेवण, रॅकेटची तार बदलणे हे सारे त्यातूनच भागवायचे. आठवडाभर खेळून, स्पर्धा जिंकूनही तोटा होतो, असा हा व्यवसाय आहे.

तुलनेसाठी एकच आकडा पुरे. २०२४ साली विम्बल्डनच्या एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूला साठ हजार पौंड मिळाले. तिथे एक सामना हरून जे मिळते, ते तळाच्या स्पर्धांत वर्षभर जिंकूनही मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने स्वतःच याचा अभ्यास केला होता. २०१३ सालच्या आकडेवारीनुसार व्यावसायिक स्पर्धांत खेळणारे स्त्री-पुरुष मिळून सुमारे चौदा हजार होते. त्यांतील जवळपास निम्म्यांना वर्षभरात एक पैसाही बक्षीस मिळाले नाही. प्रशिक्षकाचा खर्च बाजूला ठेवला तरी एका महिला खेळाडूचा वर्षाचा खर्च सरासरी चाळीस हजार डॉलरच्या घरात होता, आणि बक्षिसांतून हा खर्च भरून निघण्यासाठी क्रमवारीत सुमारे २५३ व्या स्थानाच्या वर असणे आवश्यक होते. म्हणजे जगातील तीनशेवी टेनिसपटू पदरमोड करून खेळते. वकिलीत, वैद्यकीत किंवा गायनात जी जगात तीनशेवी असेल, तिच्या दारात रांगा लागतील. टेनिसमध्ये तिला पुढच्या तिकिटाची चिंता असते.

त्याच्या जोडीला क्रमवारीचा आणखी एक निर्दय नियम आहे. मिळवलेले गुण बावन्न आठवडेच टिकतात. वर्ष उलटले की त्या आठवड्याचे गुण गळून पडतात. गेल्या वर्षी जे कमावले ते या वर्षी पुन्हा कमवावेच लागते, नाहीतर घसरण अटळ. दुखापत झाली, घरात आजारपण आले, व्हिसा मिळाला नाही, तरी घड्याळ थांबत नाही. खांदा किंवा गुडघा सहा महिने दुखावला तर चार वर्षांची चढण उतरून पुन्हा पायथ्याशी यावे लागते.

नवापूरच्या कुक्कुटपालकांना हे दुःख ठाऊक आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक इथेच आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, शेड ओस पडल्या. त्यानंतर इथल्या व्यावसायिकांनी शून्यातून पुन्हा उभारणी केली. २०२१ साली पुन्हा तेच संकट आले, आणि पुन्हा शून्य. ज्यांनी हे सोसले, त्यांना गुण गळून पडलेल्या खेळाडूची सोमवारची सकाळ समजावून सांगावी लागत नाही. दर सोमवारी नवी क्रमवारी जाहीर होते आणि ती पाहून हजारो घरांत पुढच्या महिन्याचा हिशेब बदलतो.

श्रीरामपूरची सुवर्णकन्या

हे सारे ऐकल्यावर व्यवहारी माणूस विचारेल, की मग हा अट्टहास कशासाठी? त्याचे एक उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या कन्येने दिले आहे.

ऋतुजा भोसले हिचा जन्म १९९६ सालचा. वडील पोलीस खात्यातील अधिकारी. वयाच्या सोळाव्या वर्षी, २०१२ मध्ये, ती फेडरेशन चषकात भारताकडून खेळली. पुढे तिने एक वेगळा आणि शहाणपणाचा मार्ग निवडला. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिक्षण घेता घेता ती विद्यापीठाच्या संघातून खेळली. शिक्षण पूर्ण केल्यावर व्यावसायिक टेनिसमध्ये परतली. एकेरीच्या क्रमवारीत ती शंभराच्या जवळपासही पोहोचली नाही. २०२० साली दुबईत भारतीय महिला संघाने प्रथमच फेडरेशन चषकाच्या प्ले-ऑफ फेरीत प्रवेश मिळवला, त्या संघात ती होती. तरीही तिचे नाव टेनिसच्या जाणकारांपलीकडे फारसे कोणाला माहीत नव्हते.

मग ३० सप्टेंबर २०२३ हा दिवस उगवला. चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. ऋतुजाचा सहकारी होता त्रेचाळीस वर्षांचा रोहन बोपण्णा. समोर चिनी तैपेईची जोडी. पहिला सेट भारताने २-६ असा गमावला. त्यानंतर दोघांनी दुसरा ६-३ असा घेतला आणि निर्णायक सुपर टायब्रेक १०-४ असा जिंकला. भारताच्या नावावर सुवर्णपदक लागले. व्यासपीठावर राष्ट्रगीत वाजले, ध्वज वर गेला. त्या ध्वजाला ऋतुजाच्या एकेरीच्या क्रमांकाशी काही देणेघेणे नव्हते.

इथे एक सूत्र हाती लागते. रिओमध्ये पहिल्या क्रमांकाच्या सानियाला प्रार्थनेची गरज होती. हांगझोऊमध्ये अनेक वर्षे शिखरावर खेळलेल्या बोपण्णाला ऋतुजाची गरज होती. देशाचा एखादा खेळाडू जगात कितीही उंच गेला, तरी देश म्हणून उभे राहताना त्याच्या शेजारी दुसरा लागतो, सरावाला तिसरा लागतो, संघ पूर्ण करायला चौथा आणि पाचवा लागतो. ज्या समाजाने दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला उपाशी ठेवले, त्या समाजाचा पहिलाही एकाकी पडतो. कळसाला सोन्याचा मुलामा देताना पायातील दगड कोणी मोजत नाही, पण पायाचा एक दगड निखळला तर कळस राहत नाही. आपल्या संघटनशास्त्रात हे तत्त्व नवे नाही. नावाची अपेक्षा न ठेवता जागा धरून उभे राहणारा कार्यकर्ता हाच कार्याचा आधार असतो.

बालेवाडीची सायंकाळ

या सूत्राचा प्रत्यय २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात आला. बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढती बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाल्या. सहा देशांपैकी दोघांनाच पुढची वाट खुली होती. भारताने पहिलीच लढत न्यूझीलंडविरुद्ध गमावली. त्यानंतर थायलंड, हाँगकाँग आणि चिनी तैपेई यांच्यावर विजय मिळाले. अखेरच्या दिवशी, १२ एप्रिलला, दक्षिण कोरियाशी गाठ होती. एकेरीचा पहिला सामना गेला. दुसरा हैदराबादच्या श्रीवल्ली भामिदिपती हिने जिंकला. या स्पर्धेत तिने आपला एकही एकेरीचा सामना गमावला नाही. बरोबरी झाली आणि सारे काही दुहेरीवर येऊन थांबले.

त्या सामन्यासाठी भारताने कोर्टवर पाठवलेल्या दोघी कोण होत्या? एक अंकिता रैना. मूळ काश्मिरी पंडित कुटुंबातील, जन्म अहमदाबादचा आणि खेळ घडला पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्या मार्गदर्शनाखाली. काश्मीरचे कूळ, गुजरातचा जन्म आणि महाराष्ट्राची शिकवण अशी ही एकात्म भारताची कन्या. एकेरीत तिची मजल १६० व्या क्रमांकापर्यंत गेली. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचे कांस्यपदक मिळवले होते. दुसरी होती तीस वर्षांची प्रार्थना ठोंबरे. इंचॉनच्या कांस्यपदकाला अकरावे वर्ष लागले होते, रिओला नववे.

दोघींनी तो सामना सरळ दोन सेटमध्ये जिंकला आणि भारत दुसऱ्यांदा प्ले-ऑफ फेरीत गेला. पुढे नोव्हेंबरमध्ये बंगळुरूला स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स यांच्याकडून हार पत्करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. पण बालेवाडीत त्या सायंकाळी देशाची लाज राखली ती क्रमवारीच्या खालच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या दोन अनुभवी खेळाडूंनी. प्रार्थनेने रिओनंतर निराश होऊन रॅकेट ठेवली असती, तर कोणीही तिला दोष दिला नसता. मात्र बालेवाडीत ती नसती.

परंपरेचा धागा

काहींना वाटते की टेनिस हा परक्यांचा खेळ, त्याचा आपल्या संस्कृतीशी काय संबंध? इतिहास याचे वेगळे उत्तर देतो. शंकर पांडुरंग पंडित हे वेदांचे थोर अभ्यासक. तुकोबांच्या गाथेच्या १८६९ सालच्या मुद्रित आवृत्तीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांची कन्या पंडिता क्षमाबाई राव. त्यांनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली, ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास यांची चरित्रे संस्कृत काव्यात रचली. याच क्षमाबाई टेनिसही उत्तम खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्या फेरीत ती हरली. अंतिम फेरी नाही, करंडक नाही. पण आईचे संस्कृत साहित्य आणि विम्बल्डनचे हिरवळीचे मैदान एकाच घरात नांदू शकते, हे त्या घराने पारतंत्र्याच्या काळात दाखवून दिले. संस्कार आणि आधुनिक क्रीडा यांत विरोध आहे असे मानणाऱ्यांनी हे घर आठवावे.

दुसरे उदाहरण कुस्तीचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. सहाव्या क्रमांकाला पदक नसते. त्या दिवशी समाजाने त्यांना विसरून टाकले असते तर पुढचा इतिहास घडला नसता. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या पदकाचे श्रेय खाशाबांच्या डावपेचांना जितके, तितकेच सहाव्या क्रमांकाच्या मल्लावर विश्वास ठेवणाऱ्या समाजाला आहे. प्राचार्यांनी घर गहाण ठेवले तेव्हा हाती पदक नव्हते, केवळ सहावा क्रमांक होता.

आपण काय करावे?

मग नवापूरसारख्या गावाने यातून काय घ्यावे? उद्या इथे दहा टेनिस कोर्ट बांधावीत असे कोणी सुचवणार नाही. या तालुक्याच्या डोंगरपाड्यांवरील वनवासी घरांत, गावित, वळवी, वसावे, पाडवी यांच्या लेकींच्या पायांत जे बळ आहे ते धावण्याचे, खो-खोचे, धनुर्विद्येचे आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत अशाच पाड्यावरून निघाली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक, तर त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. पण प्रत्येक कवितेमागे तिच्याबरोबर धावणाऱ्या आणि पदकापर्यंत न पोहोचलेल्या कितीतरी मुली असतात. आज विचार करायचा तो त्यांचा.

पहिली गोष्ट घराची. मुलगी जिल्हा पातळीवर तिसरी आली, राज्य पातळीवर अकरावी आली, तर तिला ‘यातून मिळाले काय?’ असे विचारू नये. तिला पहाटे उठण्याची शिस्त मिळाली, हरल्यावर समोरच्या मुलीचा हात हातात घेण्याचे संस्कार मिळाले, एकटीने प्रवास करण्याचे धैर्य मिळाले. जिजामातेने शिवबा घडवला तो पदकासाठी नव्हे. १९९२ साली पुण्यात स्थापन झालेली क्रीडा भारती खेळाडूंच्या मातांचा ‘जिजामाता सन्मान’ करते, त्यामागील भाव हाच आहे. मुलीचे वय वाढले की खेळ थांबवून विवाहाची घाई करणे ही रीत अजून अनेक घरांत आहे. खेळ आणि गृहस्थाश्रम एकत्र नांदू शकतात, हे अनेक भारतीय खेळाडूंनी दाखवले आहे.

दुसरी गोष्ट विवेकाची. निष्ठा म्हणजे आंधळेपणा नव्हे. एका मुलीच्या खेळासाठी शेत विकणे, भावंडांचे शिक्षण थांबवणे, सावकाराच्या दारी जाणे योग्य नाही. शिक्षण आणि खेळ हातात हात घालून चालले पाहिजेत. ऋतुजाने विद्यापीठाची वाट धरली, ती याच कारणाने अनुकरणीय. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचे नियम, लागणारी प्रमाणपत्रे आणि मान्यताप्राप्त स्पर्धा यांची माहिती पाड्यावरच्या पालकापर्यंत पोहोचत नाही. एखादा सुशिक्षित कार्यकर्ता ही माहिती घरोघरी पोहोचवू लागला, तर ते एका पुतळ्याच्या अनावरणाहून मोठे काम होईल.

तिसरी गोष्ट समाजाची. २०१४ साली केंद्राने पदकाच्या उंबरठ्यावरील खेळाडूंसाठी विशेष साहाय्य योजना आणली, २०१८ साली ‘खेलो इंडिया’च्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या. वर पोहोचलेल्यांची आणि अगदी सुरुवात करणाऱ्यांची सोय झाली. मधली पायरी मात्र मोकळी राहते. अठरा ते पंचवीस वयाची, राज्यात गाजलेली पण देशात अजून न पोहोचलेली मुलगी कोणत्याही योजनेत नीट बसत नाही. ही पोकळी शासनाने भरावी अशी मागणी जरूर करावी, पण तोवर हात बांधून बसू नये. गावातील दहा व्यापारी, चार डॉक्टर, दोन शिक्षक मिळून एका मुलीचा वर्षाचा प्रवासखर्च आणि दोन जोडी बूट देऊ शकतात. गणेशोत्सवाची वर्गणी देणाऱ्या घरांना हे जड नाही. अट एकच ठेवावी. मदत पदकाच्या अपेक्षेने देऊ नये आणि ती हरली म्हणून बंद करू नये. ती सराव सोडून बसली तरच विचारपूस करावी.

वनवासी क्षेत्रात अशा कामाची परंपरा आहे. वनवासी कल्याण आश्रमाने क्रीडाप्रकल्पाला एकलव्याचे नाव दिले. एकलव्य गुरूविना शिकला, हा त्याचा गौरव आहे. पण आजच्या एकलव्याला गुरू, मैदान आणि पोटभर अन्न मिळू नये, हा समाजाचा कमीपणा आहे. हा कमीपणा दूर करणे हीच त्या नावाला खरी आदरांजली.

गीतेने शिकवलेला निष्काम कर्मयोग आपण प्रवचनांतून ऐकतो. त्याचे चालते-बोलते रूप पाहायचे असेल, तर जगाच्या कोपऱ्यातील रिकाम्या कोर्टवर, मोजक्या प्रेक्षकांसमोर, पुढच्या तिकिटाची खात्री नसताना जीव ओतून खेळणाऱ्या या मुलींकडे पाहावे. आपले नाव शिखरावर लागणार नाही हे त्यांना माहीत असते. तरी त्या सरावाला वेळेवर हजर असतात, कारण देशाला कधी दुसऱ्या खेळाडूची गरज पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. रिओत पडली, हांगझोऊत पडली, बालेवाडीत पडली.

नवापूरच्या स्थानकावर फलाटाच्या कोणत्या टोकाला उभे आहोत यावर गाडी मिळणे अवलंबून नसते. वेळेवर येऊन उभे राहणे महत्त्वाचे असते. बार्शीची प्रार्थना वर्षानुवर्षे वेळेवर येऊन उभी राहिली. आपल्या गावातील एखादी मुलगीही आज पहाटे कोणत्या तरी मैदानावर अशीच उभी असेल. तिचा क्रमांक विचारू नका. तिचे नाव विचारा, तिला काय हवे ते विचारा, आणि जमेल तितके उद्यापासून द्या.